शिट्टी वाजल्यानंतर

आमच्या खेळाला आम्ही नुसतं 'गाव' म्हणायचो. चिखलीतली आम्ही बारा-तेरा माणसं, कुणी कृषी केंद्रवाला, कुणी नर्स, कुणी कॉम्प्युटर क्लास चालवणारी. महिन्यातल्या एका रविवारी धाडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या मळ्यात जमायचो, चिठ्ठ्या उचलायचो आणि दुपारभर चिठ्ठीतलं माणूस होऊन वावरायचो. पाठ केलेले संवाद नाहीत, प्रेक्षक नाहीत. मी शाळेत शिकवते, म्हणून शिट्टी माझ्याकडे. नियम मीच लिहायचे आणि ते मोडणाऱ्याला भर खेळात झापायचे. माघारी मला हेडमास्तर म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

दोन नियमांवर माझा फार जीव. ज्याला खेळ सोसवेना त्याने 'बस झालं' म्हणायचं, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. आणि शेवटची शिट्टी वाजली की गोल बसून एकाच लोट्याला तोंड लावून सगळ्यांनी पाणी प्यायचं. पाणी प्यालं की भूमिका उतरली.

त्या रविवारी मी चिठ्ठ्यांत एक नवं माणूस घातलं. सरपंचाविरुद्ध बोलला म्हणून गावाने वाळीत टाकलेला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याचं कुणी ऐकायचं नाही. ही चिठ्ठी निघाली आमच्यातल्या लॅब टेक्निशियनला. तिशीतला, सगळ्यांना हसवणारा माणूस. त्याचं घर जवळच्याच एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीत होतं. ते आम्हाला माहीत होतं आणि आमच्यात तो विषय कुणी काढत नसे, याचा मला केवढा अभिमान!

चिठ्ठी वाचून तो हसला. "ताई, माहं ऐकाचंच नाही, तं मी 'बस झालं' म्हनलं तं कोन ऐकन?"

"आधी खेळ तर," मी म्हणाले. "नखरे नंतर कर."

सगळे हसले. चिठ्ठी बदलता आली असती. पण चिठ्ठीला काय कळतं, असं म्हणून मी शिट्टी वाजवली.

एरवी आमच्या लोकांना भूमिकेत शिरायला अर्धा तास लागतो. कुणाला हसू फुटतं, कुणाचा फोन वाजतो. त्या दिवशी कुणालाच वेळ लागला नाही. तो लिंबाखाली आला की बोलणं बंद व्हायचं. नर्सबाईंनी पाय आखडून घेतले. तो माठाजवळ गेला तेव्हा कृषी केंद्रवाल्याने, मागच्याच महिन्यात त्याच्या डब्यातली भाकर खाल्लेल्या माणसाने, लोटा उंच धरला आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी सोडलं. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं. तरी मी वहीत लिहिलं, 'छान'.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "बस झालं."

सगळ्यांनी चिठ्ठीतल्या नियमाप्रमाणे पाठ फिरवली. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला. मला वाटलं, काय रंगात आलाय हा! अजून पंचायतीचा प्रसंग व्हायचा होता, तो मला पुरा हवा होता. तो बांधावर जाऊन बसला. मी आणखी वीस मिनिटं खेळ चालवला. आज त्या वीस मिनिटांसाठी मला स्वतःवर संताप येतो.

शेवटची शिट्टी झाली. गोल बसलो. लोटा फिरू लागला. नर्सबाई प्याल्या, क्लासवाली प्याली, कृषी केंद्रवाला प्याला. त्याच्या शेजारी तो होता. कृषी केंद्रवाल्याने लोटा त्याच्या हातात दिला नाही. समोर मातीवर ठेवला.

तो लोट्याकडे बघत राहिला. "ताई, शिट्टी वाजली ना?"

"वाजली," मी म्हणाले.

"अबे, चुकून ठेवला," कृषी केंद्रवाला म्हणाला. "सवय लागली दुपारभराची."

"हाव," तो म्हणाला. "सवयच आहे."

त्याने लोटा उचलला, तोंड लावून पाणी पिऊन माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला, पण त्याआधी थोडा वेळ गेला. फार नाही. पण मी थांबले होते, आणि ते त्याने पाहिलं. मग लोटा घेऊन मी उरलेलं सगळं पाणी घटाघटा प्याले. त्याने काय होणार होतं?

तो उठला, चपला घातल्या.

"बस झालं, ताई," तो म्हणाला.

या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. जागचं कुणी हललं नाही. तो चालत रस्त्यापर्यंत गेला आणि धाडकडून येणाऱ्या जीपला त्याने हात केला.