डॉक्टरीणबाईंचं 'नॉर्मल'

दवाखान्यात माणसं औषधाला येतात अन् मागं गोष्टी ठेवून जातात. त्या साठतच जातात. निजामी अमलात बीडकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी बायकांच्या खोलीत दाई होते. आमच्या डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या. उर्दू मोडकी, मराठी त्याहून मोडकी. तपासून सगळं ठीक दिसलं, की त्यांचा एकच शब्द: "नॉर्मल!"

*

नांदूरघाटची एक बाई तापानं फणफणलेली आली. दोन-चार दिवसांनी ताप उतरला. बाईंनी थर्मामीटर झटकला अन् दारातल्या नवऱ्याला सांगितलं, "नॉर्मल."

गडी मटकन खाली बसला.

"नॉर्मल झाली? आवं, आत्ता तर बोलत व्हती!"

*

तहसिलीतले बडे कारकून, पेशकारसाहेब, यांची बेगम पडद्याच्या टांग्यातून आली. तपासणी झाली. "नॉर्मल." साहेबांनी कंपाउंडरला अर्थ विचारला.

"मामूली, हुजूर."

"क्या? हमारी बेगम मामूली?"

कंपाउंडरनं झटकन हात जोडले. "नहीं हुजूर! बेगमसाहिबा तो बिल्कुल गैरमामूली!"

*

गेवराईकडची एक पोर बाळंत झाली. मूल रडलंच नाही. बाई पाठ फिरवून हात धूत राहिल्या. दर तपासणीला 'नॉर्मल' ऐकलेली ती पोर त्यांच्याकडं बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "आक्का, बाई आज तो शबुद मनल्या न्हाईत."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

*

तलवाड्याच्या गोदाला आधीच्या दोन्ही पोरी. "औंदा पोरगी झाली, तर दुसरी बायकू करीन," असं नवऱ्यानं बजावलेलं. सासू दाराशी बसून होती. बाई बाहेर आल्या. "नॉर्मल."

सासूनं मला विचारलं, "म्हंजी पोरगा?"

"पोरगी," मी म्हणाले.

म्हातारीनं तोंड फिरवलं. आत गोदानं माझा हात घट्ट धरला. "आक्का, पोरगी झाली तरी नॉर्मलच असतं?"

मी ते बाईंना विचारलं. बाई आत आल्या, खाटेवर बसल्या, बाळाला उचलून छातीशी धरलं अन् मोडक्या मराठीत म्हणाल्या, "होय. मुलगी पण नॉर्मल."

गोदा होता तेवढा जीव एकवटून ओरडली, "आत्याबाई, ऐकलं का? डाक्टरीणबाई काय मनत्यात?"

 मग म्हातारी आत आली. बाळाकडं बघितलंच नाही. बाईंच्या पुढ्यात उभी राहिली.

"बाई, ह्या गोदाच्या मालकाच्या आधी मलाबी चार पोरीच झाल्या. पोरीगणिक मार खाल्ला. मंग... मीबी नॉर्मलच व्हते का?"