मिस ओपलच्या अंगणातली हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पहिल्यापासून नाही. कऱ्हाडकडच्या आमच्या गावात एका विहिरीवर तिन्हीसांजेला बायका जात नसत. मी जायचे, कारण तेव्हा तिथे गर्दी नसायची. अंगात आलेल्या एका बाईला मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "देवी, काय सांगायचं ते लवकर सांग आणि नीघ, हिच्या पोरांना अजून जेवायचंय." मराठी मंडळाच्या अंकात असले अनुभव येतात ते मी वाचते आणि बाजूला ठेवते. लिहिणाऱ्याचं पोट बिघडलेलं असणार, असंच मला बहुतेक वेळा वाटतं.

तरीही मी हा लिहिते आहे, कारण माझ्या मुलीने, सुलभाने, पिच्छा पुरवला. म्हणाली, "आई, तू लिही. मी लिहिलं तर लोक म्हणतील, डोहाळे लागले होते बाईला."

ही गोष्ट टेक्सासमधली, ऑस्टिनजवळची. मी तिथे गेले होते सुलभाच्या बाळंतपणासाठी. त्याआधी तिचं दोनदा पोट पडलं होतं. दुसऱ्या वेळी पाचवा महिना उलटून गेला होता. तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. पत्र पोचलं तोवर ती परत कामावर जायला लागली होती. या खेपेला आठवा लागला तरी घरात कोणी बाळाचं नाव काढत नव्हतं. पाळणा आणलेला नव्हता. मीही लंगोटी शिवायला घेतली नव्हती. कापड तसंच पेटीत होतं.

सुलभाचं काम जरा वेगळं आहे. अमेरिकेचे एक प्रेसिडेंट होऊन गेले, त्यांच्या कारकिर्दीतले सगळे कागद सांभाळायला एक भलीमोठी इमारत आहे. ती तिथे नोकरी करते. मला ती पहिल्यांदा दाखवायला घेऊन गेली तेव्हा मी म्हटलं, "आपल्याकडे माणूस गेला की त्याचे कागद बंबात जातात. ह्यांनी चिठ्ठीचपाटीसुद्धा ठेवलीय!" ती हसली. म्हणाली, "नुसते कागद नाहीत आई, माणसांची बोलणीपण ठेवतो आम्ही." म्हणजे त्या प्रेसिडेंटच्या हाताखाली ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन जायचं, त्यांना बोलतं करायचं, आणि मग ते सगळं ऐकून ऐकून टाइप करायचं. टेप थांबवायला आणि मागे न्यायला पायाखाली एक पट्टी असते, शिवणयंत्राला असते तशी. घरी बसून ती हे काम करायची तेव्हा मला वाटायचं, ही झबली शिवते आहे.

तर मे महिन्यात तिने एक दिवस जेवताना जाहीर केलं की रजेवर जायच्या आधी तिला एक शेवटची मुलाखत घ्यायची आहे. मिस ओपल नावाची एक म्हातारी बाई, गावापासून लांब टेकड्यांमध्ये राहणारी. प्रेसिडेंटच्या घरचे टेबलक्लॉथ आणि चादरी वर्षानुवर्षं तिने धुतल्या आणि इस्त्री केल्या होत्या. इतके दिवस ती नको म्हणत होती, आता कशीबशी हो म्हणाली होती.

"बाळंतपणानंतर जा," मी म्हटलं.

"आई, ती फार म्हातारी आहे. तोवर राहील, नाही राहील."

"मीपण म्हातारीच आहे. मला कधी काही विचारलंस?"

"तू कुठे प्रेसिडेंटच्या चादरी धुतल्यास?"

"तुझी दुपटी धुतली. त्याची नाही कुठे टेप!"

जावई, विनायकराव, ताटात बघून जेवत होते. ते इंजिनिअर आहेत, दोन बायकांच्या मधे बोलत नाहीत. शेवटी ठरलं की ती जाणार, पण मला बरोबर घेऊन. मी काय करणार होते, देव जाणे. मला ना गाडी चालवता येत, ना इंग्रजी. पण तिला एकटी सोडायची नाही एवढं मी ठरवून आले होते.

दुपारच्या आत पोचलो. रस्ता टेकड्यांमधून, आणि मिस ओपलच्या घराच्या अलीकडे एक ओढा. ओढ्यावर पूल नाही, आपल्याकडे असते तशी फरशी. पाणी जेमतेम टायर भिजेल एवढं. आभाळ स्वच्छ होतं. लांब डोंगराच्या मागे थोडं काळं दिसत होतं, पण ते फार लांब.

मिस ओपल काळी, उंच, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असावी. तिने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि पायाखाली पाट द्यावा तसा एक छोटा स्टूल सरकवला. मला ती आवडली. त्या दोघी बोलत होत्या आणि मी बघत होते. भाषा कळत नव्हती तरी हातांवरून कळत होतं... ही आता स्टार्च करते आहे, ही आता ओल्या चादरीची दोन टोकं धरून झटकते आहे. एकदा तिने इस्त्री किती तापली हे बघायला बोट ओलं करून कसं लावायचं ते दाखवलं. मीही माझं बोट दाखवलं. दोघी हसलो.

सुलभाच्या कामाची एक रीत आहे. मुलाखत संपली, उठलो, तरी ती मशीन बंद करत नाही. ती म्हणते, माणसं खरी गोष्ट दारात सांगतात. म्हणून निरोप घेताना टेपरेकॉर्डर खांद्याच्या पिशवीत चालूच असतो, माइक बाहेर लोंबत असतो, आणि गाडीत बसल्यावर मग ती बटण दाबते. त्या दिवशीही तसंच. मिस ओपल ओसरीच्या पायरीवर उभी राहून काहीतरी सांगत होती, सुलभा तिच्या बाजूला, आणि मी पुढे गाडीकडे चालले होते.

तेवढ्यात मागून हाक आली. "अहो, थांबा की!"

स्वच्छ मराठी. बाईमाणसाचा आवाज. तरुण नाही, म्हातारा नाही. माझ्या गेलेल्या सासूबाईंचा होता किंवा आईचा होता असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल, पण नव्हता. मी तो आवाज आधी कधी ऐकलेला नव्हता. घाईत असलेल्या बाईने शेजारणीला हाक मारावी, तितकाच साधा.

मी वळले आणि म्हटलं, "ओ! कोण?"

मिस ओपलही बोलता बोलता थांबली. तिने घराच्या बाजूला, कपडे वाळत घातले होते तिकडे, मान वळवली. मग माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाली.

"आई, कोणाला ओ देतेस?" सुलभा म्हणाली.

"हाक मारली ना कोणीतरी."

"कोणी नाही मारली."

"मग ह्या काय म्हणतायत?"

सुलभाने मिस ओपलकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या म्हणतायत... तुम्हाला कोणीतरी बोलावतंय."

मी दोरीपर्यंत गेले. दोन चादरी वाळत होत्या. खालून पाय दिसतात का ते वाकून बघितलं. नव्हते. मागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे रान.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर पडताना मागून हाक आली तर तसंच पुढे जायचं नाही. परत फिरायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. मी हे मानते असं नाही. चप्पल पालथी दिसली की आपण सरळ करतो, तसं आहे ते. पाय आपोआप वळतात. मी ओसरीवर जाऊन बसले आणि सुलभाला म्हटलं, "पाणी माग."

"आई, विनायक वाट बघतोय. माझी कंबर दुखतेय. आणि तूच म्हणतेस ना, तुझा कशावर विश्वास नाही?"

"नाहीच. विश्वास ठेवायला कोण सांगतंय? पाणी पिणार आहे."

"गाडीत आहे की पाणी!"

"गाडीत बसून पिऊन चालत नाही. तूपण बस."

तिने पाणी मागितलं आणि पाय आपटत बसली. आठव्या महिन्यातल्या बाईला पायही नीट आपटता येत नाहीत. मिस ओपलला काय वाटलं कोण जाणे, ती आत गेली. दोन ग्लास आणले, बर्फाने भरलेले. बर्फ घालून पाणी मला सोसत नाही. मी खडे एकेक करून काढून कुंडीत टाकत बसले, आणि सुलभा माझ्याकडे बघून दात ओठ खात होती.

माझा ग्लास अर्धा झाला असेल, तेव्हा आवाज आला. आधी वाटलं, मालगाडी. पण तिकडे रूळ नाहीत. मिस ओपल ताडकन उभी राहिली. थोड्या वेळाने रस्त्याने एक पिकअप ट्रक भरधाव आला आणि अंगणात शिरला. तिचा शेजारी. तो खिडकीतून ओरडून जे बोलला त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण सुलभाच्या तोंडाकडे बघून सगळं कळलं.

वरती डोंगरात ढग फुटला होता. ओढ्याला एकदम लोंढा आला, भिंतीसारखा. फरशी दिसेनाशी झाली होती आणि तिच्यावरून मुळांसकट झाडं चालली होती. तो माणूस ओढ्याच्या काठाकाठाने येऊन फरशीवर गाडी घालणारच होता. समोरून पाणी येताना दिसलं, म्हणून इकडे वळला.

फरशी त्या घरापासून फार लांब नाही. वळण घेतलं की उतार, आणि उतार संपला की ओढा. मी बर्फाचे खडे काढत होते तेवढ्या वेळात आम्ही बरोबर तिथे असतो, आणि सुलभाला येणारं पाणी दिसलं नसतं, कारण आम्ही घराच्या बाजूने, झाडीतून, उतरणार होतो.

सुलभा पायरीवर बसून राहिली. दोन्ही हात पोटावर. मला बोलायला पुष्कळ सुचत होतं, मुलाखतीवरून, प्रेसिडेंटवरून, त्याच्या चादरींवरून. पण तिचे ओठ पांढरे पडले होते. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. आतून पोर ढुशा मारत होतं, ते मला पाठीवरसुद्धा कळलं असं वाटलं. खरं नसेल ते.

मिस ओपलने मक्याचा गोड पाव आणि उकडलेला घेवडा वाढला. आम्ही दोघींनी भुकेल्यासारखं खाल्लं. संध्याकाळी त्या शेजाऱ्याने पुढे राहून आम्हाला लांबच्या, पुलाच्या रस्त्याने बाहेर काढलं. त्याआधी सुलभाने घरी फोन केला होता. तिचं बोलून झाल्यावर विनायकराव माझ्याशी बोलले, आणि मधेच म्हणाले, "आई, जरा परत तिला द्या." दिला. मग परत मला. मग म्हणाले, "पुन्हा एकदा द्या हो तिला." इंजिनिअर माणूस, पण काय बोलायचं ते ठरवता येत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती. म्हातारीच्या कानात वारं शिरलं, नशीब चांगलं, म्हणून सोडून दिली असती.

पुढच्या आठवड्यात सुलभा त्या टेपची कॉपी घेऊन घरी बसली. कानाला लावायचं यंत्र लावून टाइप करत होती. एकदम थांबली. पट्टी दाबून मागे गेली, परत ऐकलं, परत मागे. मग ते यंत्र तिने माझ्या कानांना लावलं.

मिस ओपलचं बोलणं. लांब कुठेतरी कोंबडी. माझ्या चपलांचा आवाज, खडीवर. चादरी फडफडल्या तेसुद्धा ऐकू येत होतं. मग मिस ओपल वाक्याच्या मधेच थांबते. जरा वेळ काहीच नाही. आणि मग माझा आवाज, "ओ! कोण?" आणि लगेच मिस ओपलचा.

हाक नव्हती. कोंबडी होती, चपला होत्या, हाक नव्हती.

विनायकराव म्हणाले, माइकचं तोंड दुसरीकडे असेल. मी म्हटलं, माझ्या चपला त्या दोरीहून लांब होत्या. ते म्हणाले, मग दोघींना एकाच वेळी भास झाला असेल. मी म्हटलं, भासाला माझा पत्ता ठाऊक होता, आणि मिस ओपलला मराठी कधीपासून येतं? त्यावर ते वर्तमानपत्र वाचायला लागले.

सुलभाच्या ऑफिसातल्या वरच्या बाईंनीही विचारलं म्हणे, की इथे ह्या दोघी कोणाला उत्तर देतायत? सुलभा म्हणाली, टेपवर आहे तेवढंच मी लिहिलंय. त्यांचा नियमच तसा आहे. तेव्हा ते पान त्या भल्यामोठ्या इमारतीत आहे, दोघींच्या उत्तरांसकट.

जूनच्या शेवटी सुलभा बाळंत झाली. वेळेवर, विनासायास. मुलगी. मी पेटीतलं कापड काढलं आणि एका बैठकीत लंगोट्या शिवून टाकल्या. विनायकराव त्याच संध्याकाळी जाऊन पाळणा घेऊन आले, तोही चुकीचा, आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणला.

सव्वा महिन्याने सुलभाने मिस ओपलला फोन लावला, मुलगी झाली हे सांगायला. पलीकडून तिचं हसणं मला इथवर ऐकू येत होतं. मी सुलभाला कोपराने ढोसलं. "विचार तिला. काय ऐकलं होतं?"

सुलभाने विचारलं. ऐकत राहिली. मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "त्या म्हणतात, एक बाई होती. थांबायला सांगत होती."

"कुठल्या भाषेत, ते विचार."

तिने विचारलं. सुलभाने मला तिचं उत्तर सांगितलं तेव्हा सुलभाच्या अंगावर काटा आला होता, माझ्या नाही. मला बरं वाटलं.

मिस ओपल म्हणाली होती, "कुठल्या म्हणजे? मला कळली, म्हणजे आमच्याच."

ती बाई कोण, ती दोघींशी आपापल्या भाषेत कशी बोलली, आणि सुलभाला का ऐकू आली नाही, हे मला माहीत नाही. विचार करून झाला. विनायकरावांना विचारून झालं. मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही, आणि कोणी ठेवा असंही म्हणत नाही. त्या दिवशी गाडीत बसायला निघालेल्या आम्ही तिघी होतो. तिघीही घरी आलो.