कोळी उस्तादांचा एक किलोमीटर

सैन्यातली पंधरा वर्षं संपवून मी आता मुलुंडच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय नाही. जे झालं ते तसंच सांगतो.

आमची सहा जणांची टीम ध्रुवीय समुद्रात पोहायला गेली होती. पाणी उणे एक अंश. अंगावर फक्त चड्डी, टोपी आणि गॉगल. दोन बोयांमध्ये दहा फेऱ्या, म्हणजे एक किलोमीटर. पोहणाऱ्याला कोणी हात लावला तर पोहणं बाद. हवालदार मोरेश्वर कोळी माहुलचे, आमचे उस्ताद. आदल्या वर्षी त्यांना नवव्या फेरीला बाहेर ओढलं होतं. ते त्यांना फार लागलं होतं.

मी घाटकोपरचा. आदल्या दिवशी जेवताना ते मला म्हणाले, "ए घाटकोपर, उद्या बोटीत तू. हात लावलास तर तिथेच बुडवीन."

"आणि तुम्हीच बुडालात तर, उस्ताद?"

"कोळ्याला विचारतोस होय रे?"

सगळे हसले.

सकाळी १०.१० ला ते पाण्यात उतरले. माझं काम एकच. शुद्ध हरपत नाही ना हे कळायला प्रत्येक फेरीला त्यांना गाव विचारायचं. उत्तर तोंडानेच आलं पाहिजे. नाही आलं तर ओढून काढायचं. आठ फेऱ्या "माहुल" स्पष्ट ऐकू आलं. नवव्या फेरीला मी दोनदा विचारलं. त्यांनी नुसता अंगठा वर केला.

रेडिओवर कॅप्टनसाहेब होते. "बोट, रिपोर्ट. ओव्हर."

एकच फेरी उरली होती.

"ओके, सर. ओव्हर."

१०.३२ ला ते स्वतःच्या पायांनी किनाऱ्यावर आले. "झालं ना रे?" एवढंच बोलले. बाहेर आल्यावरही शरीर आतून थंड होत जातं. हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. १०.५० ला तंबूत त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टर पाऊण तास झटले.

चौकशीत मी अंगठ्याचं सांगितलं. उस्तादांच्या बायकोला, वहिनींना, सांगायला मात्र तीन वर्षं लागली. गेल्या रविवारी माहुलला गेलो. वहिनी दारात सुकट निवडत होत्या. आत भिंतीवर त्या एक किलोमीटरचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही ओढलं असतं, तर हा कागद मिळाला नसता?"

"नसता."

"आणि हे तुम्हाला शिव्या देत घरी आले असते."

"हो, वहिनी."

त्यांनी सुकटीतला कचरा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "शिव्या फार घाण द्यायचे, भाऊजी."

हवालदार मोरेश्वर कोळी. वय छत्तीस.