मोडनिंबचा ४०१

“मॅडम, परत ४०१,” तिथला कॉम्प्युटर सांभाळणारी सविता म्हणाली.

मोडनिंबच्या पॅकहाऊसच्या दारात डाळिंबांचा ट्रक भरून उभा होता. पुण्याच्या खरेदीदाराच्या गोदामात शिरायला ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, घ्यावा लागतो. तो मिळत नव्हता, आणि नोंदणी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. मागे एक गाडी चुकली तेव्हा खरेदीदाराने बजावले होते: पुन्हा चुकली तर माल घेणे बंद. म्हणूनच मालक महादेवअण्णा खुर्ची रिकामी असूनही उभे होते.

स्लॉट मागण्याचे काम आमच्या कंपनीची स्क्रिप्ट करते; ती अडली म्हणून मी आले होते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या सूचना. ती खरेदीदाराच्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवते आणि सर्व्हर एका आकड्याने उत्तर देतो. दोनशेच्या घरातला आकडा म्हणजे काम झाले. पाचशेच्या घरातला म्हणजे बिघाड त्यांच्याकडे. चारशेच्या घरातला म्हणजे चूक बहुधा आपली. ४०१ चा अर्थ, तुमची ओळख पटली नाही.

शहरात सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसातून माझे वरिष्ठ बिराजदार सर यांचा फोन आला.

“सर्व्हर डाऊन असेल. त्यांना मेल टाका आणि निघा.”

“डाऊन असता तर ४०१ आला नसता, सर. सर्व्हर जागा आहे. आपल्याला ओळखत नाही.”

“मग सीक्रेट बदला.”

सीक्रेट म्हणजे दोघांनाच ठाऊक असलेला गुप्त शब्द. त्यावरून प्रत्येक रिक्वेस्टवर एक सही तयार होते. तो याच कॉम्प्युटरवर ठेवायचा, अशी खरेदीदाराची अट होती. नवा मिळायला उद्या उजाडला असता.

“आधी तपासते, सर.”

सरांनी ऑफिसातून, चाचणीसाठी दिलेले वेगळे सीक्रेट वापरून, एक रिक्वेस्ट पाठवली. उत्तर २००. म्हणजे स्क्रिप्ट ठीक होती. मी इथले सीक्रेट खरेदीदाराच्या पत्राशी अक्षर अक्षर ताडून पाहिले. तेही ठीक. उरला हा कॉम्प्युटर. आमची स्क्रिप्ट उत्तरातला फक्त आकडा दाखवत असे. मी एक ओळ बदलली आणि सर्व्हरचे उत्तर संपूर्ण छापून घेतले. त्यात कारण नव्हते, पण उत्तर पाठवल्याची वेळ होती, ग्रीनिचची. तिच्यात साडेपाच तास मिळवले. तीन वाजून दहा मिनिटे. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तीन पंचवीस.

“अण्णा, या कॉम्प्युटरची वेळ कोणी बदलली?”

सविता टेबलाकडे पाहू लागली.

“म्याच की,” अण्णा म्हणाले. “भिंतीवरचं घड्याळ पुढं केलं, तर ही कॉम्प्युटरात बघून ड्रायव्हरला सांगती, अजून लई येळ हाय. मग काल त्याचं बी पुढं केलं.”

“मी खरं तेच सांगत होते की!”

“खरं सांगून गाडी निघत न्हाय, बाई.”

मी दोघांनाही समजावले. सहीमध्ये पाठवण्याची वेळ मिसळलेली असते. कोणी जुनी रिक्वेस्ट चोरून पुन्हा पाठवू नये, म्हणून सर्व्हर थोड्याच मिनिटांचा फरक चालवून घेतो. इथून तर अजून न उजाडलेल्या वेळेची रिक्वेस्ट जात होती.

“मग गाड्या येळेवर निघायच्या कशा?”

“ते मला सांगता येणार नाही, अण्णा. पण स्लॉट हवा असेल तर हे घड्याळ बरोबर हवं.”

अण्णांनी दाराबाहेरच्या ट्रककडे पाहिले. “करा.”

मी वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी सोय चालू केली आणि स्क्रिप्ट चालवली. २०१. म्हणजे नवी नोंद झाली. सविताने मोठ्याने वाचले, “उद्या सकाळी सहा!” अण्णा तेव्हा कुठे खुर्चीत बसले, आणि लगेच उठून ड्रायव्हरवर ओरडले, “चल, उशीर झालाय!”

“कुणाच्या घड्याळात, अण्णा?” ड्रायव्हरने विचारले आणि गाडी सुरू केली.

परत निघताना सरांचा फोन आला. “सीक्रेट बदललं का?”

“नाही सर. वेळ बदलली.”

आता ती स्क्रिप्ट आधी दोन्हीकडच्या वेळा पडताळते. फरक आढळला तर रिक्वेस्ट पाठवतच नाही. नकार आला की सीक्रेट बदलावेसे वाटते, कारण त्यात काहीतरी केल्याचे समाधान असते. त्याआधी उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. त्याला नवे सीक्रेट मिळण्यापेक्षा कमी वेळ लागतो.