आवाज कमी करायच्या जागी मी भलतीच कमांड लिहिली

मित्रांनो, आधीच कबूल करतो, चूक माझीच.

सुरतला उधन्यात आमच्या साडी पॅकिंगच्या खात्यात गाणी वाजवायला एक छोटा कॉम्प्युटर आहे. शेठ बोलले, "भिंतीवरचा कमांडचा कागद पार मळलाय, नीट लिहून काढ." मी काढला. पण मस्तीत 'आवाज कमी' समोर सगळी लिस्ट उडवायची कमांड लिहिली.

आज सकाळी शेठचा फोन वाजला. आमच्यासोबत पॅकिंग करणारे सुभाषकाका आवाज कमी करायला धावले, आणि सगळं गप!

"कागदवर जे लिखेल शे, तेच मी टाकं रे भाऊ!" काका रडकुंडीलाच आले. त्यांच्या वारलेल्या आईने म्हटलेली गाणी त्यातच होती, दुसरीकडे कुठेच नाही.

मी पळत जाऊन फोल्डर उघडला, तर फक्त लिस्ट उडालेली, गाणी जागेवर! हुश्श! परत चढवली. आईचा आवाज लागला तसे काका माझी पाठ थोपटत बोलले, "हुशार शे पोरगा!"

लई लाज वाटली यार. तो कागद फाडला, एकेक कमांड आधी चालवून बघितली, मगच नवा लिहिला.

हात जोडतो, डिंडोलीत कोणाला बोलू नका. काका तिथेच राहतात, आणि उद्या माझ्यासाठी डबा आणणार आहेत.