हँडल सोडलं तेव्हा

शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून, घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून मी ती जुनी, उभं राहून चालवायची जेट स्की नव्यानं बांधली होती. इंजिन मोठं बसवलं, हँडलचा दांडा लांब केला. त्या रविवारी धरणात इंजिन अचानक बंद पडलं. बुडाचा जोड उकलून आत पाणी शिरत होतं. मी हँडलला लोंबकळत ती काठाकडं ओढू लागलो, पण वारा उलटा होता. अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी हात गळून गेले.

"अहो, सोडा ती! या इकडं!" काठावरून बायको ओरडली.

"नाय बुडू देणार!"

तिला पोहता येत नाही. तरी ती पाण्यात शिरली, आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत.

"मागं फिर!" मी किंचाळलो.

"तुम्ही निघाल तेव्हाच फिरेन!"

मी हँडल सोडलं. तिच्यापाशी पोचलो तेव्हा पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. काठावरून मागं पाहिलं, तर पाण्यावर नुसतं हँडल दिसत होतं. मग तेही दिसेना. मला हुंदका आवरेना. ती कुडकुडत माझ्या जॅकेटचे पट्टे सोडवत राहिली.