गव्हाणीवरचा सदरा

न्हावऱ्याहून दौंडला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. हातात मोबाईल, पडद्यावर गोठा आणि गोठ्यात एक गाय.

"क्यामेरा बसवलाय," ते म्हणाले. "पहिलारू हाय, दिवस भरल्यात. सकाळपासनं वैरणीला तोंड लावंना. आन् दौंडात आज नातीचं बारसं!"

हौसेनं मीही घरात असाच कॅमेरा लावलाय. त्यात चोर अजून सापडला नाही. चोरून चिवडा खाताना मी मात्र बायकोला सापडलो.

कंडक्टरनं विचारलं, "आबा, कुठलं देऊ?"

"थांबा वाईच. तिनं खाल्लं तर दौंड, न्हाईतर पुढच्या फाट्याला उतरून माघारी जातो."

त्यांनी मोबाईलला तोंड लावून हाक मारली, "गौरे, खा गं माझी बाय." गाईनं मान वर केली, इकडं तिकडं त्यांना शोधलं. वैरण तशीच राहिली.

"आवाज पोचतो ह्यातनं, वास न्हाई पोचत," ते पुटपुटले. मग ओरडले, "अगं ए, माझा कालचा सदरा टाक गव्हाणीवर!"

"मला मारली का कवा अशी गोड हाक?" म्हणत त्यांच्या मंडळींनी सदरा आणून टाकला.

आबांनी पुन्हा हाक मारली. गाईनं सदरा हुंगला, चाटला आणि वैरणीत तोंड घातलं.

"द्या दौंड," आबा कंडक्टरला म्हणाले. 

मी हळूच माझ्या मोबाईलवर आमचं घर उघडलं. परवा निघताना मी खुर्चीवर टाकलेला टॉवेल, ज्यावरून रोज भांडण होतं, तो बायकोनं अजून उचलला नव्हता.